मधली भिंत

गिरीजच्या प्रिस्का टीचरच्या घराचं काम सुधाकर तोडणकरांकडे आलं ते एका फोनवरून. २०२२ च्या नोव्हेंबरात टीचरचा मुलगा जॉयल मस्कतहून बोलत होता. आजोबांनी बांधलेलं दगडी घर आहे, त्यावर एक मजला चढवायचा आहे आणि खालची मधली भिंत काढून मोठा हॉल करायचा आहे. गवंडी ठरला आहे, फक्त इंजिनिअरचं पत्र हवं.

"फक्त पत्र" मागणारे फोन तोडणकरांना आठवड्याला दोन तरी यायचे. ते मूळचे गुहागरकडचे, पण वसईत तीस वर्षं काढलेली. घर बघितल्याशिवाय आपण कागदाला हात लावत नाही, हे त्यांनी जॉयललाही सांगितलं, आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता ते गिरीजला गेले.

केळीच्या वाडीतून वाट होती. अंगणात चुन्यानं रंगवलेला क्रूस, त्यामागे ओटी, आणि ओटीमागे लांबट, बुटकं, मंगलोरी कौलांचं घर. भिंती वीस इंच जाडीच्या. पुढे टीचरची खोली, मग मधली भिंत, तिच्यामागे दुसरी खोली, आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. मधली भिंत अखंड होती. तिला दार नव्हतं. मागच्या खोलीत जायचं तर बाजूच्या बोळकांडीतून वळसा घालावा लागे.

टीचर सत्तरीला आलेल्या. त्यांनी वसईच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं. घरी त्या आपल्या बोलीत बोलत, तोडणकरांशी मात्र फळ्यावर लिहिल्यासारखं स्वच्छ मराठी. जेम्स गवंडी त्यांचाच विद्यार्थी.

"टीचरनी मला दोनदा नापास केलं," जेम्स म्हणाला, "म्हणून मी गवंडी झालो."

"तीनदा," टीचर म्हणाल्या. "एकदा तू परीक्षेलाच आला नव्हतास."

जेम्स हसला. टीचर हसल्या नाहीत, पण चहात त्यांनी जेम्सला न विचारता तीन चमचे साखर घातली.

तोडणकरांनी मापं घेतली. मग त्यांनी पिशवीतून लहान हातोडी काढली आणि भिंत वाजवायला सुरुवात केली. भरीव जागी टणटणीत आवाज येतो, पोकळ जागी बद्द. जुनी दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती असते दोन भिंतींची जोडी. दोन बाजूंना दगडांचे दर्शनी थर आणि मध्ये खडी-चुन्याचा भराव. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड त्यात नसले, तर जमीन हलली की थर एकमेकांपासून सुटतात. एक घरात पडतो, एक बाहेर. डहाणू-तलासरीकडे चार वर्षांपासून धक्के बसत होते. गिरीजला त्यानं काही पडलं नव्हतं, फक्त फडताळातल्या कपबशा दोनचारदा वाजल्या होत्या. तोडणकरांच्या मते तेवढी सूचना पुरेशी होती.

मागच्या खोलीत एक लोखंडी पलंग भिंतीला लागून होता. त्यावर गादी नव्हती. पलंगाच्या उंचीवर, उशापासून हातभर अंतरावर, तळव्याएवढ्या जागेवरचा चुना गुळगुळीत झिजला होता. नेमका तिथेच आवाज बद्द येत होता. तोडणकरांनी खडूनं पोकळीची सीमा आखली: चार फूट लांब, अडीच फूट उंच.

आरपार दगड बसवायचा तर भोक दोन्ही बाजूंनी एकाच जागी पाडावं लागतं. त्याची जुनी रीत अशी की एकानं अलीकडून ठोकायचं आणि दुसऱ्यानं पलीकडून कान लावून, ठोका येतो तिथे उलट ठोकून खूण करायची. जेम्स टीचरच्या खोलीत गेला. तोडणकरांनी हातोडीच्या दांड्यानं तीन ठोके दिले.

पलीकडून लगेच तीन ठोके आले. स्पष्ट, सावकाश, बोटांच्या सांध्यांनी दार वाजवावं तसे.

"जेम्स, खूण केलीस?"

तोडणकरांनी पुन्हा हाक मारली. जेम्स मागच्या दारानं आत आला. त्याचे हात ओले होते.

"कुठे होतास?"

"विहिरीच्या मोटारीपाशी, सर. हाताला चुना लागलेला. का?"

"मग ठोके कुणी दिले?"

"कसले ठोके?"

तोडणकर वळसा घालून पुढच्या खोलीत गेले. तिथे कुणी नव्हतं. परत आले तर टीचर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मासे साफ करता करता उठल्या असाव्यात. हात त्यांनी अंगापासून लांब धरले होते.

"तुम्ही तीन ठोकलेत," त्या म्हणाल्या. "तीन नका ठोकू, सर. बाकी कितीही ठोका."

जेम्सनं मान खाली घातली आणि तो वाडीत निघून गेला. टीचर हात धुऊन आल्या, पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. एखादं उदाहरण सोडवून दाखवावं तसं, पायरीपायरीनं.

जॉयलनंतर बऱ्याच वर्षांनी झालेली मुलगी, ब्रिटनी. पंधराव्या वर्षी तिच्या पायांतली शक्ती गेली, मग कमरेतली, मग मानेतली. नऊ वर्षं ती या पलंगावर होती. आवाजही शेवटी शेवटी उमटेना. उजवा हात तेवढा मनगटापासून हलायचा. टीचरचा पलंग भिंतीच्या पलीकडे होता. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे मला कुशीवर वळव.

"आणि तीन?"

"तीन म्हणजे काही नको. नुसतं, मम्मी, जागी आहेस ना." टीचरनी त्या झिजलेल्या जागेकडे पाहिलं. "मग मीपण तीन ठोकायचे. म्हणजे आहे, झोप."

ब्रिटनीला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"अजून येतात?" तोडणकरांनी विचारलं. असा प्रश्न आपण विचारला याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"रोज नाही. पण एक आणि दोन कधीच येत नाहीत," टीचर म्हणाल्या. "तिला आता काही लागत नाही. तीनच येतात." मग उठता उठता, "आज तिला वाटलं, मीच आहे."

त्या दिवशी तोडणकरांनी भिंतीवर चार ठोके देऊन पाहिले, मग पाच. काही आलं नाही. सैल भराव एका ठोक्यानं हलला की खडे घरंगळतात, तसा आवाज होऊ शकतो. हे कारण त्यांनी वहीत लिहिलं. तीन ठोके त्यांनी पुन्हा दिले नाहीत.

निघताना टीचर अंगणापर्यंत आल्या. "सर, एक विचारते. भिंत राहिली तर घर जास्त मजबूत राहील, की गेली तर?"

"राहिली तर."

"मग तसं लिहा," त्या म्हणाल्या. "जॉयल माझं ऐकणार नाही. कागदाचं ऐकेल."

नाताळाला जॉयल महिनाभराची रजा काढून आला. ओटीवर चांदणी टांगलेली होती. तिच्याखाली खुर्च्या टाकून तो आणि तोडणकर बसले. जॉयल चाळिशीतला, थकलेल्या डोळ्यांचा माणूस होता. बायकामुलांना घेऊन कायमचं परत यायचं त्यानं ठरवलं होतं.

"सर, नव्वद वर्षं उभं आहे घर. कधी काही झालं नाही."

"नव्वद वर्षांत त्याला कुणी धक्का दिला नाही, म्हणून."

तोडणकरांनी त्याला नियम समजावला. जुनं घर जसंच्या तसं ठेवलं तर गोष्ट वेगळी. पण वर मजला चढवला, आतली भार घेणारी भिंत काढली, की ते घर जुनं राहत नाही. मग भूकंपाच्या आजच्या कसोटीला ते सगळं उतरावं लागतं. कोपऱ्यांत उभ्या सळया, भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, आरपार दगड, पोकळ्यांत भरणी. मधली भिंत लांबच्या दोन भिंतींना धरून ठेवते. ती काढता येणार नाही.

"काहीच उपाय नाही?"

उपाय होता. भिंतीच्या जागी लोखंडी चौकट उभी करून ती पायापासून बांधून घेतली असती तर नियमात बसलं असतं. तोडणकरांनी तशी तीन घरं केली होती. त्यांनी समोरच्या क्रूसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही."

तीस वर्षांच्या कामात कागदावर न उतरवलेला तो त्यांचा पहिला पर्याय.

जॉयलनं खुर्ची जरा मागे सरकवली. "तुम्हाला मम्मीनं सांगितलं असेल," तो म्हणाला. "ती रात्र रात्र त्या भिंतीला पाठ लावून बसते, सर. मी व्हिडिओ कॉल केला की मागे ती भिंतच दिसते. मला वाटलं होतं, भिंत गेली की ती झोपेल." मग उठत म्हणाला, "ठीक आहे, राहू दे भिंत. पण मग जे करायचं ते पूर्ण करा. पट्टा, सळया, भरणी, सगळं. माझी पोरं राहणार आहेत इथे. अर्धवट काही नको."

तोडणकरांनी होकार दिला. टीचरनी त्या संध्याकाळी जेम्सच्या हाती तोडणकरांच्या घरी केळ्यांचा फणा पाठवला.

भरणी म्हणजे काय, हे टीचरना कुणी सांगितलं नव्हतं. तोडणकरांनाही ते आतून उमगलं २३ जानेवारीला, काम सुरू झाल्यावर.

धूळ होणार म्हणून जॉयलनं सकाळीच आईला सांडोरला मावशीकडे सोडलं होतं. मधल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून त्यांत प्लास्टिकच्या नळ्या बसवल्या होत्या. सिमेंटचं पाणी ताकाएवढं पातळ कालवून पंपानं खालच्या नळीतून आत सोडायचं. वरच्या नळीतून ते बाहेर आलं की खालची बंद करायची आणि एक ओळ वर सरकायचं. असं खालून वर, पोकळी भरेपर्यंत.

अकरा वाजता तिसरी ओळ सुरू झाली. ती पलंगाच्या उंचीवर होती. पलंग बाहेर काढला होता, पण त्याच्या पायांचे चार डाग लादीवर होते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी जेम्सनं पंप बंद केला.

"काय झालं?"

"ऐका, सर."

भिंतीतून दोन ठोके आले.

तोडणकरांनी पंपाला हात लावून पाहिला. पंप थंड पडत होता, थरथर नव्हती. विहिरीची मोटार बंद होती. वाडीत कुणी नव्हतं. त्यांनी हे सगळं एकामागून एक तपासलं, आणि ते तपासेपर्यंत आणखी दोन ठोके आले.

जॉयल बोळकांडीच्या तोंडाशी उभा होता.

"दोन," तो म्हणाला. "कुशीवर."

कालवलेलं सिमेंट बादलीत होतं. ते तासाभरात पंपातून जाणार नाही इतकं दाट होतं. अर्धी भरलेली भिंत रिकाम्या भिंतीपेक्षा वाईट. खाली जड, वर पोकळ, पहिल्या धक्क्याला मधोमध मोडणारी. हे तोडणकरांना पाठ होतं. आणखीही एक गोष्ट त्यांना त्या क्षणी समजली. लोखंडी चौकटीचा कागद आपण लिहिला असता, तर भिंत दगड दगड करून उतरली असती. हवा आली असती. उजेड आला असता.

"सर," जेम्स म्हणाला, "मी नाही करणार."

जॉयल पुढे आला. त्यानं तळवा भिंतीला लावला आणि लगेच काढून घेतला.

"तीन वर्षं झाली," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "तिला सोडायला हवं ना कुणीतरी. मम्मी नाही सोडणार." मग तोडणकरांकडे न बघता, "चालू करा."

जेम्स बाहेर गेला. पंपाचं बटण तोडणकरांनी दाबलं.

पंपाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ओळ बदलायला तो थांबवला की यायचं.

एक.

चौथी ओळ.

एक. मग लगेच, पुन्हा एक.

जॉयलनं स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणला होता. तो घेऊन तो भिंतीसमोर उभा होता. कुठे द्यायचा हे त्याला कळत नव्हतं.

पाचवी ओळ.

एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना सगळ्यात वरच्या नळीतून राखाडी थेंब बाहेर आला. तोडणकरांनी पंप बंद केला.

तेव्हा तीन ठोके आले. अगदी हळू.

काही नको. नुसतं, जागी आहेस ना.

तोडणकरांचा हात भिंतीपासून वीतभर अंतरावर होता. उलट तीन ठोके द्यायला काहीच लागलं नसतं. पण ते ठोके देण्याचा हक्क आपला नाही असं त्यांना वाटलं, आणि हात तसाच राहिला.

त्यानंतर काही आलं नाही.

साहित्य हिशोबापेक्षा दोन बादल्या कमी लागलं होतं. आत कुठेतरी हवा अडकली असेल, असं त्यांनी वहीत लिहिलं.

टीचर साडेपाचला परत आल्या. तोडणकर नळ्या तपासायला थांबले होते. टीचरनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. सरळ आपल्या खोलीत गेल्या आणि मधल्या भिंतीवर बोटांच्या सांध्यांनी तीन ठोके दिले. आवाज ठस्स आला, खडकावर आपटल्यासारखा. त्यांनी भिंतीला कान लावला. तोडणकर दारात उभे होते. ओटीवर जॉयल पाठमोरा बसला होता. पाच मिनिटं गेली, मग दहा. टीचरनी पुन्हा तीन ठोके दिले, पुन्हा कान लावला.

"भरली?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही सांगितलंत तशी भिंत राहिली," त्या म्हणाल्या. त्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच तोडणकरांना सहन झालं नाही.

भरणी नीट झाली की नाही हे अठ्ठावीस दिवसांनी पाहतात. गोल पात्याच्या यंत्रानं भिंतीतून मनगटाहून जाड दांडा कापून काढायचा. त्यात दगड, भरणी, दगड असे थर सलग दिसले की काम पास. २० फेब्रुवारीला सकाळी तोडणकर यंत्र घेऊन गेले. जॉयल मस्कतला परतला होता. जेम्स आला, पण अंगणातच थांबला. टीचर खुर्ची घेऊन आपल्या खोलीत बसल्या. महिन्याभरात त्या बारीक झाल्या होत्या.

टीचरच्या बाजूनंच कापायचं होतं. यंत्र आठ इंच आत गेलं आणि अचानक सैल पडलं. दांडा बाहेर आला तो अर्धाच. आधी काळा दगड, त्याला घट्ट चिकटलेली दोन इंच राखाडी भरणी, आणि मग शेवट. तो शेवट मोडलेला नव्हता. मोडलेली भरणी खरखरीत असते. हा भाग गुळगुळीत होता.

तोडणकरांनी दांडा खिडकीच्या उजेडात धरला.

त्या गुळगुळीत तोंडावर एका ओळीत चार लहान खळगे होते. त्यांच्यावर थोडे सरकून आणखी चार, जरा उथळ. आणि त्यांच्यावर आणखी चार, जेमतेम दिसतील असे. खळगे आतून या बाजूला दाबलेले होते.

टीचर उठून जवळ आल्या. त्यांनी दांडा हातात घेतला आणि एकेका ओळीवरून करंगळी फिरवली. ओठ हलले, त्या मोजत होत्या.

"हे ओलं असताना उमटलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे किती वाजता?"

तोडणकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. केळीच्या पानांवर ऊन होतं.

"दुपारी," ते म्हणाले. "काम चालू असताना. बाराएक वाजता."

"म्हणजे मी सांडोरला होते," टीचर म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या. दांडा त्यांनी मांडीवर घेतला आणि त्यावर पदर ओढला. "घरी असते तर ऐकलं असतं मी."

"हो. ऐकलं असतं."

तोडणकर खाली बसून यंत्राची वायर गुंडाळू लागले. गुंडाळून झाल्यावर ती सोडून पुन्हा गुंडाळत राहिले. दुपारी बारा वाजता ती भरणी ताकासारखी वाहत होती. तिच्यात कुणी मूठ बुडवून काढली असती तरी खूण राहिली नसती. बोटाचा ठसा धरण्याइतकी ती घट्ट झाली असेल, तर साडेपाचच्या सुमाराला, टीचर परत आल्या तेव्हा.